तिसऱ्या बोटाची खाच

गुरुवार, १४ तारीख

लॅबमध्ये आलेल्या दातांच्या प्रत्येक ठशाची नोंद ठेवायची, ही माझी सव्वीस वर्षांची सवय आहे. कुठल्या दवाखान्यातून आला, किती वाजता आला, कडा फाटल्या होत्या का. एकदा एका दाताच्या डॉक्टरने स्वतःची चूक माझ्या माथी मारायचा प्रयत्न केला होता. म्हणे कवळी बसत नाही. वही उघडून दाखवली तेव्हा गप्प बसला. म्हणून आज ही नवी वही काढली. यात कवळ्या येणार नाहीत, पण घरात जे चाललंय त्याची नोंद कुठेतरी असलेली बरी.

झालं असं, की लॅबची फरशी उखडून नवी घालणार आहेत, म्हणून मालकाने महिनाअखेरीस आठवडाभर सुट्टी दिली. घरी येऊन मी एवढंच सांगितलं आणि लेकीने पाच मिनिटांत सहल ठरवून टाकली. जी मुलगी चपला घ्यायच्या तर चार दुकानं पालथी घालते आणि जुन्याच घालून परत येते, तिने पाच मिनिटांत गाव ठरवलं, लॉज ठरवला आणि २८ तारखेची दिवसभराची जीप सफारीसुद्धा ठरवली. पहाटे जंगलात शिरायचं, संध्याकाळी बाहेर.

"तुम्हाला जंगल बघायचं होतं ना, बाबा?"

मी असं कधी म्हणालो होतो? बायको म्हणते, लग्न झालं त्या वर्षी म्हणाला होतात. त्या वर्षी माणूस काय वाट्टेल ते म्हणतो.

कुठेतरी पाणी मुरतंय.

सोमवार, १८ तारीख

आज जेवणं झाल्यावर लेकीने टेबलावर कागद पसरून सगळा बेत समजावला. ती शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे नकाशाशिवाय तिला बोलता येत नाही. हे फाटक, हा ओढा, ही दुपारची विश्रांतीची जागा, तिथे पाण्याची टाकी. बिबट्या बहुतेक ओढ्याच्या बाजूला असतो. जीप चालवणाराच वाटाड्या. मातकट रंगाचे कपडे घालायचे, अत्तर लावायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. शेवटचं बोलताना तिने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, तिथे जीपगाड्यांचा अड्डा असेलच, आपण जाऊन चार जीपा बघू आणि एक निवडू. टोमॅटोसुद्धा आपण दाबून घेतो. तर नाही म्हणाली. हीच जीप, हाच माणूस.

"का?"

"मुलांची सहल घेऊन गेले होते ना, तेव्हा तोच होता. चांगला आहे."

आता हे बघण्यासारखं आहे. एकाच वर्षात हिने शाळेची सहल दोनदा एकाच जंगलात नेली. दुसरं काही बघायला नव्हतं का जगात? मास्तरांना अशा ठिकाणी काही कमिशन मिळतं का, असं मी सरळ विचारलं. ती कागद गुंडाळून आत निघून गेली. बायको म्हणाली, "तुम्ही ना, आरशात बघितलं तरी ओळखपत्र मागाल."

मागेन. का मागू नये?

थोड्या वेळाने लेक बाहेर आली आणि भलतंच काहीतरी विचारायला लागली. दोन वर्षांपूर्वी तिच्यासाठी बँकेतल्या मुलाचं स्थळ आलं होतं. माणूस ओळखायचा तर त्याला कामावर बघावं, हे माझं जुनं मत. म्हणून मी कुणाला न सांगता त्याच्या काउंटरच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. माझ्या पुढच्या म्हातारीचे हात थरथरत होते, सही हलत होती. तिच्यावर तो असा खेकसला की मी पाळी यायच्या आधीच घरी आलो आणि नकार कळवला.

"समजा तो कामावर चांगला निघाला असता तर?" लेकीने विचारलं.

"तर हो म्हटलं असतं."

"शिक्षण, घर, गाडी, काही नसतं तरी?"

"कामावर चांगला असेल तर मला बाकी काही विचारायचं नाही. लेखी देऊ का?"

"द्या. तुमच्या त्या वहीतच लिहा."

म्हणून लिहितो. माणूस कामावर चांगला असेल तर मला बाकी काही विचारायचं नाही. झालं समाधान. पण तो बँकवाला हिला अचानक का आठवला? पुन्हा कुठे भेटला तर नाही ना? लक्ष ठेवलं पाहिजे.

रविवार, २४ तारीख

पोचलो. लॉज ठीक. दोन खोल्या, मध्ये दार. आमच्या खोलीतलं कपाट लावलं की आपोआप उघडतं, त्यामुळे किमती वस्तू उशाखाली. खिडकीतून समोरचा रस्ता दिसतो: एक हार्डवेअरचं दुकान, एक न्हावी, पलीकडे जीपगाड्यांचा अड्डा. खिडकी सोयीची आहे.

सामान खाली ठेवलं आणि लेक "परवान्याचं बघून येते" म्हणून निघून गेली. तोंडसुद्धा धुतलं नाही. परत आली ती गुणगुणत. परवाना काढायला गेलेली माणसं गुणगुणत परत येत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

संध्याकाळी ती जिन्यात फोनवर बोलत होती. मी मुद्दाम ऐकलं नाही, जिना अरुंद आहे. ती म्हणत होती, "नको, आधी सांगायचं नाही. बघू दे त्यांना नीट दिवसभर. बघून झाल्यावर मी सांगते." मग हसून म्हणाली, "घाबरतोस काय एवढा? जनावरांना घाबरत नाहीस."

याचा अर्थ उघड आहे. बिबट्या दाखवून झाला की वर काहीतरी मागणार. आधी सांगितलं तर आम्ही येणार नाही, म्हणून बघून झाल्यावर सांगायचं. आणि माझी लेक त्यात सामील. ती भोळी आहे, तिला कुणीतरी गुंडाळलंय.

सोमवार, २५ तारीख

जीपवाला आज बेत पक्का करायला लॉजवर आला. तिशीचा असेल. उंच, उन्हाने रापलेला, केस ओले करून बसवलेले. वरचा डावा सुळा थोडा पुढे, समोरच्या दाताचा कोपरा उडालेला, पण दात स्वच्छ. तंबाखूचा डाग नाही. एवढं एक बरं. बाकी माणूस संशयास्पद. सकाळचा गारवा असून त्याला घाम फुटला होता आणि माझ्या नजरेला नजर देत नव्हता. चोराच्या मनात चांदणं.

नोंदी लिहून ठेवतो.

त्याने येताना एक जाड उशी आणली. म्हणाला, "काका, रस्ता खडबडीत आहे. तुमच्या कमरेला ही लागेल." माझी कंबर दुखते हे या गावात मी कुणालाही सांगितलेलं नाही.

लॉजवाल्याने चहा आणला तर हा उठून म्हणाला, "काकांचा बिनसाखरेचा." हे याला कुठून कळलं? लॉजवाल्याला विचारलं, तर त्याने कानांवर हात ठेवले.

मी विचारलं, समोरच्या दाताला काय झालं? तर म्हणे जीपचं चाक बदलताना पाना लागला. खरं असावं. तशीच चीर आहे.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात विचित्र. बायकोने त्याला लिंबाचं सरबत करून दिलं, समोर बसली आणि म्हणाली, "आईचे गुडघे आता कसे आहेत?"

मी म्हटलं, "याच्या आईचे गुडघे तुला काय माहीत?"

लेकीने उठून खिडकीचा पडदा सरळ केला. मग बायको म्हणाली, "या वयातल्या बायकांचे गुडघे दुखतातच. त्यात माहीत काय असायचंय?" हे मात्र पटलं. माझ्या बहिणीचेही दुखतात.

पण एकंदरीत या माणसाने आमची सगळी माहिती काढलेली आहे. कंबर, साखर. पुढे काय, देव जाणे. साखर पेरून बोलणाऱ्यांपासून मी नेहमी चार हात लांब राहिलो आहे. तो गेल्यावर लेकीने विचारलं, "कसा वाटला?" मी म्हटलं, "उशी चांगली आहे." तेवढ्यावरही ती खूश झाली. तिचं काही कळत नाही.

बुधवार, २७ तारीख

काल पोट बिघडलं होतं, नोंद नाही.

आज मी स्वतः चौकशी केली. दोघी झोपलेल्या असताना जीपगाड्यांच्या अड्ड्यावर गेलो. तिथे एक दाढीवाला जीपवाला भेटला. या गावात आल्यापासून भेटलेला हा पहिला सरळ माणूस. मी कवळ्या बनवतो म्हटल्यावर त्याने लगेच तोंड उघडून दुखरी दाढ दाखवली. मी बघून काय करायचं ते सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखी नजर असलेला माणूस या अड्ड्यावर पहिल्यांदा आला." उगाच कशाला खोटं बोलेल?

त्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, बिबट्या काही रोज दिसत नाही. मग गिऱ्हाईक नाराज होऊन जाऊ नये म्हणून काही जण पंजाचे ठसे दाखवतात. पूर्वी एकाने लाकडाचा पंजाच करून घेतला होता. पहाटे सगळ्यांच्या आधी जायचं, मऊ मातीत दाबायचा आणि मग गिऱ्हाइकाला म्हणायचं, आत्ताच गेला बघा. तो पकडला गेला. "आणि आता तुमचा तो. नाव घेत नाही कुणाचं, पण त्याच्या गिऱ्हाइकाला ठसे दिसतातच. ओढ्याजवळ. दर वेळी."

मी विचारलं, पकडला गेला तर काय होतं? म्हणाला, फाटकाशी तक्रारपेटी आहे. एक लेखी तक्रार आली की चौकशी होईपर्यंत परवाना थांबतो, आणि चौकशी लांबली की हंगाम बुडाला. त्या लाकडी पंजावाल्याची जीप आता कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून उभी आहे. शेवटी म्हणाला, "तुम्ही माझ्या जीपमध्ये यायला हवं होतं, साहेब. अजून वेळ गेलेली नाही." भला माणूस. पण लेकीने शब्द दिलाय म्हटल्यावर माझाही इलाज नाही.

परत येताना बघितलं, तर झोपलेली म्हणून सोडून गेलेली लेक त्या जीपच्या टपावर बसून त्या माणसाच्या डब्यातलं खात होती, आणि तो खाली उभा राहून टायर पुसत होता. टायर कधी कुणी पुसतं का? फुकटचं खाऊ घालायचं, माणूस मिंधा करायचा, मग वाटेल ते विकायचं. ही युक्ती जुनी आहे. कवळीच्या प्लास्टरचे विक्रेते आमच्या लॅबमध्ये असेच डबे घेऊन येतात.

ठरवलं. माझ्या धंद्यात एक गोष्ट पक्की असते. एकाच माणसाने दोनदा मेणात चावलं तरी दोन ठसे तंतोतंत सारखे येत नाहीत. जिवंत माणूस कधी इकडे जोर देतो, कधी तिकडे. दोन ठसे हुबेहूब आले की समजायचं, एकाची नक्कल झाली आहे. लाकडाचा पंजा दर वेळी तस्साच उमटणार. तिथेच त्याचं पितळ उघडं पडेल.

समोरच्या हार्डवेअरमधून ठशांचे साचे काढायला प्लास्टरची दोन पाकिटं घेतली. लॉजमधून एक वाडगा मागून घेतला. तक्रारीचा कागद आत्ताच लिहून ठेवला आहे, फक्त ठसे किती दिसले ती जागा कोरी आहे. उद्या भरायची.

बायकोने पिशवीत प्लास्टर बघितलं. म्हणाली, "सहलीला कुणी प्लास्टर नेतं का? अहो, एक दिवस तरी लेकीचा आनंद बघा."

"कसला आनंद? बिबट्याचा?"

"हो," ती म्हणाली. "बिबट्याचाच." आणि तोंड फिरवून कपडे घड्या करायला लागली. हसत होती की काय, कळलं नाही.

गुरुवार, २८ तारीख

सफारी झाली. आत्ता संध्याकाळ आहे, अंगावर किलोभर धूळ आहे, पण आधी नोंद.

पहाटे फाटक उघडताच आत शिरलो. मी पुढे, त्याच्या शेजारी, उशीवर. उशी खरोखर चांगली आहे. हरणं पुष्कळ दिसली, रानडुकरांचं एक कुटुंब दिसलं, एक मुंगूस आमच्याकडे बघत उभं राहिलं. बायको प्रत्येक हरणाला "अगं बाई" म्हणत होती. जीपवाला जेवढ्यास तेवढं बोलत होता. एका वळणावर त्याने जीप थांबवून इंजिन बंद केलं. रस्त्यावरून एक कासव चाललं होतं. ते पलीकडे जाईपर्यंत चांगली सात-आठ मिनिटं गेली. हॉर्न नाही, काही नाही. मागे दाढीवाल्याची जीप येऊन थांबली होती, तो हॉर्न वाजवत होता, मग झुडपातून गाडी घालून पुढे निघून गेला. त्याला घाई असणार.

ओढ्याजवळ आलो आणि दाढीवाल्याचा शब्द न् शब्द खरा ठरला. जीपवाल्याने बोट दाखवलं. "काका, पंजे." मऊ मातीत ठसे होते. पुढच्या डाव्या पंजाच्या तिसऱ्या बोटाला आतल्या बाजूने खाच. पुढे दीडेक किलोमीटरवर पुन्हा ठसे, पुन्हा तीच खाच. मग तिसऱ्या ठिकाणी. तीच. त्याच जागी, तेवढीच.

"मादी आहे," तो म्हणाला. "लहान असताना तारेत पाय अडकला होता. बोट तुटता तुटता राहिलं."

गोष्ट तयारच ठेवलेली असते या लोकांकडे. मी म्हटलं, मला उतरून बघायचंय. तर म्हणे, इथे उतरता येत नाही, नियम आहे. मी म्हटलं, दोनच मिनिटं. लेकसुद्धा म्हणाली, "दोन मिनिटांनी काय होतंय?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुम्हालाही नाही उतरवणार. कुणालाच नाही." खोटे ठसे जवळून बघू द्यायची हिंमत कोणाची झाली असती?

थोड्या वेळाने समोरून येणाऱ्या जीपने खूण केली, की पलीकडच्या रस्त्याला बिबट्या दिसतोय. सगळ्या जीपा तिकडे उधळल्या. आमचा महाशय तसाच, बैलगाडीच्या चालीने. लेक मागून म्हणाली, "जाऊया ना. आज तरी." आज तरी म्हणजे काय? तो म्हणाला, "तिकडे पाणवठा आहे. आत्ता वीस जीपा उभ्या असतील, तिची पाण्याची वाट अडली असेल. आपण एकविसावे कशाला?" मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाला, "काका, तुम्हाला दाखवायची फार इच्छा होती. पण अशी नाही." चेहरा पडला होता त्याचा. नाटक चांगलं करतो.

दुपारी विश्रांतीच्या जागी उतरायला परवानगी होती. टाकीभोवती चिखल होता, आणि चिखलात पुन्हा तीच खाच. एक ठसा काठाशी ओल्यात, एक वर कोरड्या मातीत. मी पिशवीतून वाडगा काढला. वाटलं होतं, आता याच्या तोंडचं पाणी पळेल. तर त्याने न विचारता टाकीतून पाणी आणून दिलं. बिस्किटांचा खोका फाडून पुठ्ठ्याची दोन कडी केली आणि ठशांभोवती अलगद खोचली, कडेला जरासुद्धा धक्का न लावता. म्हणाला, "दोन्ही घ्या, काका. एकावरून काही कळत नाही." सुकेपर्यंत अर्धा तास उन्हात उभा राहून त्याने दोन्हींवर आपल्या टोपीची सावली धरली. म्हणाला, ऊन लागलं तर तडा जाईल.

प्लास्टर सावलीत सुकवावं हे बरोबर आहे. पण इतका उत्साह कशासाठी? ज्याला पकडायचं तोच दोरी आणून देतोय, म्हणजे डाव मोठा असणार. दोन्ही साचे मातीसकट टॉवेलात गुंडाळून आणलेत.

परत येताना फाटकाशी कोऱ्या जागी "चार ठिकाणी" असं भरलं आणि कागद पेटीत टाकला. लेकीने बघितलं.

"काय टाकलंत, बाबा?"

"अभिप्राय."

"त्याच्याबद्दल? कामाबद्दल?"

"हो. जे बघितलं ते."

तिने माझा दंड घट्ट धरला आणि कपाळ माझ्या खांद्याला टेकवलं. शाळेत पहिली आली होती तेव्हा असं केलं होतं, त्यानंतर आजच. म्हणाली, "बाबा, उद्या मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

वर काय द्यायचं ते असणार. सांगू दे.

शुक्रवार, २९ तारीख. दुपार

हे सगळं नीट, क्रमाने लिहितो.

सकाळी दोघी उठायच्या आत मी बेसिनशी बसून दाताच्या ब्रशने साचे धुतले. माती निघाली, पंजे दिसायला लागले. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि सवयीने चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ घेतले.

सारखे नव्हते. जीपमधून, सहा फुटांवरून, हुबेहूब वाटलेले ते ठसे सारखे नव्हतेच. ओल्यातल्या ठशात बोटं फाकलेली होती आणि भार पुढे होता, पाणी प्यायला वाकताना येईल तसा. कोरड्यातला आखडलेला, भार टाचेवर. आणि खाचेच्या आत, जिथे कातडी भरून आली असणार, तिथे केसाएवढी सुरकुती. एकात दबलेली, एकात उघडी. हे कुणी लाकडात कोरलं असेल तर त्याला मी उद्या माझ्या खुर्चीवर बसवतो आणि स्वतः फरशी पुसतो. पण लाकूड पाणी प्यायला वाकत नाही. हा जिवंत जनावराचा पाय होता, आणि त्या माणसाने पहिल्यापासून एक शब्दही खोटा सांगितला नव्हता.

सव्वीस वर्षांत मी चुकीचा साचा कधी पुढे पाठवला नाही. आणि एका माणसाचा हंगाम, त्याची जीप, त्याच्या आईचे गुडघे, सगळं एका कागदावर लिहून पेटीत टाकलं, तेही साचे न उघडता. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. टॉवेल बगलेत मारला आणि पायातल्या स्लिपरनीच निघालो.

वनखात्याच्या कचेरीत पोचलो तेव्हा पेटी उघडून झाली होती. टेबलामागे अधिकारी बाई होत्या, समोर माझा कागद, आणि कागदाशेजारी जीपवाल्याचा परवाना. भिंतीशी बाकावर तो बसला होता, टोपी गुडघ्यावर. मला बघून उठून उभा राहिला. रागाने बघेल वाटलं होतं. तो म्हणाला, "काका, तडे तर नाही ना गेले?"

मी बाईंना म्हटलं, मला तक्रार मागे घ्यायची आहे. त्या म्हणाल्या, मागे घेता येत नाही. जबाब देता येतो. त्याने त्याचा दिलाय, तुम्ही तुमचा द्या. मी साचे टेबलावर ठेवले. त्यांनी एक उचलला, खाचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "ही तर ओढ्यावरची. हिच्या पायातली तार आम्हीच काढली होती." मग छापील फॉर्म माझ्यापुढे सरकवला. कसा भरायचा कळावं म्हणून त्याचा भरलेलाही दाखवला.

त्याचं अक्षर शाळकरी मुलासारखं आहे, गोल आणि सावकाश. "जीपचालकाचे म्हणणे" याखाली त्याने लिहिलं होतं: 'काकांनी बघितलं ते बरोबर आहे. खाच सगळीकडे सारखीच आहे. नियमामुळे मी त्यांना उतरू दिलं नाही, म्हणून त्यांना खात्री करता आली नाही. त्यांच्याकडे दोन साचे आहेत. ते साचे जे सांगतील ते मला मान्य आहे.'

त्याच्या वर एक छापील ओळ होती. 'तक्रारदाराशी नाते.' त्यापुढे त्याने लिहिलं होतं: 'अजून नाही.'

मी ते दोनदा वाचलं. मग उशी आठवली. बिनसाखरेचा चहा. दोन सहली एकाच जंगलात. जिन्यातलं "बघू दे त्यांना नीट दिवसभर". वहीत सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, तारीखवार. माणसाने आणखी किती नोंदी ठेवायच्या?

बाई म्हणाल्या, "अजून नाही म्हणजे काय, हे मीही त्याला विचारलं. नुसतं नाही लिही म्हटलं. तर म्हणतो, तसं लिहिलं आणि पुढे खोटं ठरलं तर?"

मी खुर्चीत बसलो. पेन घेतलं. साच्यांबद्दल जे दिसलं ते सगळं लिहिलं: भार, बोटं, सुरकुती. माझी चूक झाली हेही लिहिलं, स्वच्छ अक्षरात. मग वरची ओळ राहिली होती, 'जीपचालकाशी नाते.' तिथे पेन टेकवून मी बराच वेळ बसलो. कासवाला रस्ता देणारा तो डोळ्यांसमोर आला. उन्हात टोपी धरून उभा असलेला. माझ्या लेकीलासुद्धा नियमाबाहेर खाली न उतरवणारा. मी दिवसभर त्याच्या शेजारी बसून त्याला कामावर बघितलं होतं, आणि एवढं बघूनही मला काही दिसलं नव्हतं.

'अजून नाही,' मी लिहिलं.

बाईंनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. चष्म्यावरून आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांनाही संशय आला असावा. पण परवाना उचलून त्याच्या हातात दिला. एक साचा त्यांनी ठेवून घेतला, एक मी परत घेतला.

बाहेर आलो. जीप झाडाखाली उभी होती. तो म्हणाला, "काका, तिला हे सांगू नका. तिला वाटतंय तुम्ही कागदात चांगलं लिहिलंय. काल रात्रीपासून खूश आहे."

माफी मागायची सवय नाही, घरातही नाही. मी जीपला वळसा घातला, पुढच्या सीटवर उशीवर बसलो आणि साचा मांडीवर ठेवला. तो शेजारी येऊन बसला. किल्ली हातात, पण गाडी चालू करेना.

"तुझ्या आईचे गुडघे आता कसे आहेत?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच नजरेला नजर दिली.

"बरे आहेत," तो म्हणाला. "पण प्रवास झेपत नाही अजून. नाहीतर तीच येणार होती तुमच्याकडे."

"नको," मी म्हटलं. "आम्हीच येतो. गाडी चालू कर, आधी दोघींना घेऊ."